काशी दोन दिवसांत : पंचगंगा आणि सारनाथ

काशीला दोनच दिवस आहेत, विश्वनाथ दर्शन आणि गंगाआरती सोडून काय बघावं, असं विचारलंय. माझं मत: एक सकाळ पंचगंगा घाटाला द्या. दशाश्वमेधची गर्दी तिथे नसते. वर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद, तिच्याजवळच बिंदुमाधव. हे आत्ताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, म्हणजे आपलंच माणूस! याच घाटाच्या पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात कबीराला रामानंदांचा पाय लागला, अशी कथा सांगतात. पायऱ्या उंच आणि ओल्या असतात, गुडघे दुखत असतील तर सरळ नावेने जा.

दुसरा दिवस सारनाथला, साधारण दहा किलोमीटर. धामेक स्तूपाच्या अंगावरची नक्षी जवळ जाऊन बघा. दगडात कोरलेली वेलबुट्टी थेट पैठणीच्या काठासारखी दिसते. संग्रहालयात अशोकाचा सिंहशीर्ष आहे. नाण्या-नोटांवर तीनच सिंह दिसतात, इथे मागे जाऊन चौथा बघता येतो. मी तर त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेवढं सांभाळा.

स्तूपाला लागूनच श्रेयांसनाथांचं जैन मंदिर आहे, घाईत बहुतेकांचं राहून जातं. पार्श्वनाथांचं जन्मस्थान भेलूपूरला, शहरातच. गुरू नानक इथे आले होते त्या आठवणीचा गुरुबाग गुरुद्वाराही वाटेत करता येईल. गल्ल्यांत मात्र गाडीचा हट्ट नको.