मदत हवी आहे: नोटरीचा अर्ज आणि ऑनलाइन जाहिरात (सोलापूर), रविवारच्या आत सांगा

सातरस्ता
नमस्कार. नोटरी व्हायचंय. जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिसला आठ वर्षं झाली. दोन ठिकाणी अडलंय. अर्ज राज्याकडे करावा की केंद्राकडे? आणि दुसरं, एक मुलगा गूगल मॅपवर नाव वर आणून देतो, फेसबुकवर महिनाभर जाहिरात चालवतो म्हणतोय. पंधरा हजार. रविवारपर्यंत होकार दिला तर बारा. 'सोलापूर नोटरी' शोधल्यावर पहिलं नाव आपलं आलं पाहिजे, एवढंच हवंय. कुणी केलंय का असं? "हळूहळू होतं" हे सांगू नका, आठ वर्षं तेच कानावर पडतंय.

बाळीवेस
आठ वर्षांवर अर्जच करता येत नाही साहेब. दहा लागतात. उगाच पैसे घालवू नका.

होटगीरोड_नोटरी
सरसकट दहा नाही. नोटरीज रूल्स १९५६, नियम ३ वाचा. दहा वर्षं सर्वसाधारणपणे, पण अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि महिला यांना सात. धागा काढणाऱ्यांनी यातलं काहीच लिहिलेलं नाही. शिवाय अर्ज भरायचाय म्हणता आणि जाहिरातही करायचीय म्हणता. नेमणूक झालीय की नाही?

मोहोळकर
माझं तहसीलजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. रोज लोक विचारतात, नोटरी कुठं बसतात. मॅप-बिप कुणी बघत नाही भाऊ. माझ्यासारखे चार दुकानदार धरा, प्रत्येक कागदामागे त्यांना काहीतरी द्या, महिन्यात रांग लागेल. आमच्याकडे असंच चालतं.

होटगीरोड_नोटरी
मोहोळकर, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे ऐकून एखाद्याची सनद जाईल. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, रूल ३६ मध्ये जाहिरात आणि दलाल दोन्हींना मनाई आहे, आणि वकिलाने फी बिगरवकिलाबरोबर वाटून घ्यायची नसते. नोटरीची फी तर नियम १० ने ठरवलेली असते आणि दराचा तक्ता ऑफिसच्या आत-बाहेर लावावा लागतो. त्यातून तुमचं 'काहीतरी' द्यायचं म्हणजे पक्षकाराकडून जास्तच घ्यावे लागणार. बिचारा माणूस नाव दुरुस्तीच्या प्रतिज्ञापत्रासाठी आलेला असतो.

बाळीवेस
सगळे करतात. आख्ख्या शहरात नोटरीचे बोर्ड बघा, केवढाले असतात.

होटगीरोड_नोटरी
सगळे करतात म्हणून तुम्हीही करणार? योग्य आकाराचा बोर्ड चालतो. २००८ पासून स्वतःची वेबसाइटही चालते, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक आणि तारीख, कुठल्या बार कौन्सिलचे, शिक्षण, कामाचं क्षेत्र, अशी ठरलेली माहितीच टाकायची. २०२४च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरच्या वकिलांच्या जाहिरातींवर कारवाई करायला सांगितलं, त्यानंतर तर जास्तच जपायला हवं.

जुळे_सोलापूर_७
नोटरी लोक इथे आहेतच तर विचारतो. फ्लॅट भाड्याने दिलाय, करार नोटरीकडे करून घेतला. चालेल ना?

अक्कलकोटवाला
@जुळे_सोलापूर_७ नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोटरीचा शिक्का त्याला पुरत नाही.
आणि सातरस्ता, मी तर म्हणतो नोटरीचा नादच सोडा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर त्यातच आहे. तरुण वकिलांनी रिट-अपिलाकडे वळायला हवं. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची गरज नाही आता.

बाळीवेस
कोल्हापूर काय जवळ आहे का? पंढरपूर, सांगोला, मिरज करत जायचं. तरी मुंबईपेक्षा बरं, हे मान्य.

सातरस्ता
बेंचचा वेगळा धागा काढा, कृपया. माझं राहिलंच.
मी महिला आहे, हे लिहायचं राहून गेलं. सगळे साहेब आणि भाऊ म्हणताहेत म्हणून आत्ता लक्षात आलं. सात वर्षांचा नियम मला माहीत होता, म्हणूनच अर्ज करतेय. नेमणूक अजून नाही. पण अर्ज टाकतेच आहे, तेव्हा जाहिरात आधीपासून सुरू केली तर लोकांच्या तोंडी नाव बसेल, असं त्या मुलाचं म्हणणं. व्हिजिटिंग कार्डावर 'नियोजित नोटरी' लिहिलंय, छापायला द्यायचीत.

होटगीरोड_नोटरी
ताई, ती कार्डं थांबवा. आत्ता, आजच. नेमणूक नसताना नोटरी असल्याचं भासवणं हा नोटरी कायदा १९५२च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. 'नियोजित' शब्दाने तो झाकला जात नाही. अर्जावर निर्णय होण्याआधी कुणी हे कार्ड जोडून तक्रार केली तर तुमचं नाव पहिल्याच पानावर खराब होईल.
अर्जाचं सांगतो. राज्याचं काम मंत्रालयातला विधी व न्याय विभाग बघतो, केंद्राचं विधी कार्य विभाग, आणि त्यांचं आता नोटरी पोर्टल आहे. प्रत्येक राज्यात किती नोटरी असावेत याची मर्यादा नियमांच्या परिशिष्टात आहे, त्यामुळे नेमणूक जागेवर अवलंबून. जिथे अर्ज सुरू असतील तिथे भरा. सर्टिफिकेट दोन्हींकडचं पाच वर्षांचं. त्यावर जे क्षेत्र लिहिलेलं असेल त्याबाहेर शिक्का मारायचा नाही, एवढं मात्र पाळा.

पूर्वभाग_वकील
ताई, मीही महिला नोटरी आहे. जाहिरात एकदाही केली नाही. आमच्या पूर्व भागात विडी कामगार बायका येतात, आधारवर एक नाव, पीएफला दुसरं, बँकेत तिसरंच. मी कागद आधी तेलुगूत वाचून दाखवते, मग सही नाहीतर अंगठा. माणूस समोर नसेल तर कितीही ओळखीचा असो, नाही म्हणजे नाही. एकीचं काम नीट झालं की ती गल्लीतल्या चौघींना घेऊन येते. तुम्हाला तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर बोर्डावर नावाखाली तेवढं लिहा.

बाळीवेस
भाषा लिहिली तर ती जाहिरात नाही का झाली?

पूर्वभाग_वकील
ज्या बाईला मराठी वाचता येत नाही, तिला कुणाकडे जायचं हे कळायला नको? माझ्या मते ही माहिती झाली. तुम्हाला पटत नसेल तर नका लिहू.
ताई, अजून एक. नवराबायको घटस्फोटाचा कागद घेऊन हमखास येतील. २०२४च्या ऑक्टोबरात केंद्राने स्पष्टच कळवलंय, लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करणं नोटरीचं काम नाही. मी परत पाठवते, शिव्याही खाल्ल्यात.

सातरस्ता
कार्डं रद्द केली. मुलाला नाही सांगितलं, तो दहावर आला, तरी नाही. कन्नड येतं मला, माहेर अक्कलकोटचं. नोटरीच्या कामाच्या नोंदींचं रजिस्टर कसं ठेवायचं ते आधीच बघून ठेवायचंय. कधी येऊ?

पूर्वभाग_वकील
सोमवारी दोननंतर बार रूममध्ये या. रजिस्टरचा नमुना आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवायचं वार्षिक विवरण, दोन्ही दाखवते. शिक्का मात्र आत्ताच बनवू नका. त्यावर नोंदणी क्रमांक लागतो, तो नेमणुकीनंतरच मिळतो.