अनुभव सांगा: तुमच्या घरात मशीन कधी बिघडतं?

२००९ च्या लोकसभा निकालानंतर आमच्या आप्पांनी आठवडाभर पेपर उघडला नाही. "यंत्रात घोळ आहे" हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. तेव्हा अडवाणीही मतपत्रिका परत आणा म्हणत होते. २०१४ नंतर मात्र ईव्हीएमबद्दल कुणी शंका काढली की आप्पा ताटावरून उठतात. मामाचं उलटं. जून २०२४ ला मविआला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, तेव्हा पेढे. नोव्हेंबरात महायुती २८८ पैकी २३० वर गेली, तेव्हा "हॅक". मधे जेमतेम साडेपाच महिने! तुमचे अनुभव लिहा. स्वतःचा असेल तर तो आधी.

खडूवाला: मी शिक्षक, चार निवडणुका केंद्राध्यक्ष होतो. पहाटे सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान घ्यायचं, बेरीज दाखवायची, मतं पुसायची, यंत्रातून छापून पडलेल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. ती मतं पुसायची राहिली तर? या धास्तीने मला रात्रभर झोप नसते. म्हणजे चुका होऊ शकतात, हे मी कुणाहीपेक्षा जास्त जाणतो. संध्याकाळी एकूण मतांचा १७-सी फॉर्म प्रतिनिधींच्या हातात देतो, मोजणीला तो आकडा ताडून बघता येतो. हे सगळं धाकट्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तू फक्त बटणं दाबतोस. वरचं तुला काय कळणार?" त्याचा उमेदवार जिंकला त्या वर्षी त्याने हे "वरचं" काढलं नव्हतं.

पंतांची नात: माझी कबुली. नोव्हेंबर २०१६ ला दोन हजारच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, असा मेसेज आला. मी इंजिनिअर. चिपला वीज कुठून मिळणार, हा प्रश्न दुसऱ्या पक्षाच्या सरकारबद्दल असता तर मला दोन सेकंदात पडला असता. नोटाबंदी मला मनापासून आवडली होती, म्हणून तीन ग्रुपांवर पाठवला. काकूने तर नोट दिव्यासमोर धरून चिप "पाहिलीसुद्धा".

माळशिरसची लेक: मारकडवाडी माहेरच्या तालुक्यातलं. डिसेंबर २०२४ ला गावकरी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेणार होते, पोलीस बंदोबस्त लागला आणि ते थांबलं. गंमत अशी की शंका घेणाऱ्यांचाच उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता, फक्त गावात मागे पडला होता. आमच्या वहिनीला विचारलं, तर म्हणाली, "आम्हाला आमची माणसं माहीत आहेत, कुणी कुणाला दिलं ते." हे मला नुसतं हसण्यावारी नेता आलं नाही.

साशंक: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते मतदाराला दाखवणारी छापील चिठ्ठी टप्प्याटप्प्याने सगळीकडे आली ती सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून. शंका घेतली म्हणूनच ना? मी पक्ष जिंकला तेव्हाही चिठ्ठ्या जास्त मोजा म्हणत होतो. तेव्हा आमच्याच कार्यकर्त्यांनी मला ग्रुपमधून काढलं.

सेक्रेटरी, बी विंग: आमच्या सोसायटीत हात वर करून मतदान झालं. १७ विरुद्ध ११. हरलेले अजून म्हणतात, मोजणीत गडबड झाली. हात मीच मोजले होते, आणि माझा हात ११ मध्ये होता.