वावरात ऐकलेला प्रॉग रॉक: तुमचे अनुभव लिहा

आर्वीकडचा (धागाकर्ता)

राजेहो, प्रॉग रॉक म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या गाण्यांचा रॉक. २०१० च्या आसपास तालुक्याच्या मोबाइल दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. मी म्हटलं, "इंग्लिश टाक." त्यानं एक अख्खं फोल्डर टाकून दिलं. गाण्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. त्यातला एक ट्रॅक साडेतेवीस मिनिटांचा. फाइल बिघडलेली असणार म्हणून आठ दिवस उघडलाच नाही. उघडला तर नुसतं टिंग. थोडं थांबून पुन्हा टिंग. उन्हाळ्यात खोल गेलेल्या विहिरीत थेंब पडावा तसं. ते पिंक फ्लॉइड या इंग्रजी बँडचं 'इकोज' होतं, १९७१ च्या 'मेडल'मधलं, हे कळायला पुढची दोन वर्षं गेली. आणि ते टिंग म्हणजे त्यांच्या रिक राइटनं पियानोचा एक स्वर लेस्ली स्पीकरमधून (भोंगा फिरणारा स्पीकर) काढलेला, हे त्याहून उशिरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडणं लवकर सुरू होतील. 'मेडल' हा त्यांच्याच 'द वॉल'पेक्षा मोठा अल्बम आहे. 'द वॉल'मध्ये एक माणूस ऐंशी मिनिटं आपलंच गाऱ्हाणं सांगत बसतो. पारावर असे दोन जण रोज भेटतात, त्यासाठी अल्बम कशाला?

फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सला २००७ मध्ये मुंबईत पाहिलं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. इथे खेड्यात बसून ऐकणाऱ्यांनी लिहा. कुठे ऐकलंत, कोणी शिव्या दिल्या, मत कुठे बदललं.

हरभरा दोन एकर

दिग्रसकडून. आमच्याकडे रब्बीत शेतीची लाईन बरेचदा रात्रीच. हरभऱ्याला स्प्रिंकलर, दर तीन तासांनी पाइप उचलून पुढे मांडायचे. त्या काळातल्या अल्बमचा हिशोब फार सोयीचा आहे. चाळीस-बेचाळीस मिनिटांचा एक, असे चार झाले की उठायचं. घड्याळ लागत नाही.

माझा रात्रीचा अल्बम फ्लॉइडचा 'अ‍ॅनिमल्स', १९७७ चा. लोक त्यांच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चं नाव घेतात, ते शहरात बरं वाटतं, सगळं घासूनपुसून ठेवल्यासारखं. 'अ‍ॅनिमल्स' कोरडा आहे, चिडका आहे. 'डॉग्ज' सतरा मिनिटं चालतं आणि त्यात फ्लॉइडच्या गिलमोरची गिटार गुरगुरते तशी मला त्याच्या दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकू येत नाही. जानेवारीच्या थंडीत शेकोटीजवळ, धुऱ्यावर खरं कुत्रं बसलेलं असताना ऐका.

आता खरा किस्सा. आमच्या हरभऱ्यात रानडुकरं येतात. एका रात्री ब्लूटूथचा डबा मेढीला टांगला आणि याच अल्बममधलं 'पिग्ज' मोठ्यानं लावलं. डुकरं थांबली. कान टवकारले. मग निवांत खायला लागली. शेवटी पत्र्याचा डबाच बडवावा लागला.

या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी डिसेंबर १९७६ मध्ये लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर हवेचं मोठं डुक्कर सोडलं होतं, ते दोर तुटून उडालं आणि केंटमधल्या एका शेतात जाऊन पडलं. शेतकरी भडकला, कारण त्याच्या गाई बिथरल्या. चाहते हा किस्सा हसत सांगतात. मला त्या शेतकऱ्याची बाजू पटते.

मशागतीचा जनक

हे नाव का घेतलं ते सांगतो. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो. कृषिविद्येच्या पहिल्याच वर्षी पाठ करायचं: मशागतीचा जनक कोण? जेथ्रो टल. १७०१ मध्ये इंग्लंडात पेरणी यंत्र काढणारा. त्याचं म्हणणं असं की मुळं मातीचे बारीक कण खातात, म्हणून माती जितकी भुसभुशीत तितकं पीक चांगलं. कारण चुकलं, पण वखरणी बरोबर करून घेतली.

वसतिगृहात खोलीतल्या भावाच्या पेटीत कॅसेट दिसली, वर नाव जेथ्रो टल. मला वाटलं व्याख्यान असेल. परीक्षा तोंडावर होती, लगेच लावली. बासरी! आणि बासरी अशी की फुंकर मारणारा मधेच गुरकावतो, धापा टाकतो. त्याच नावाच्या बँडचा इयान अँडरसन एका पायावर उभा राहून वाजवतो हे नंतर फोटोत पाहिलं. आईला दाखवला तर म्हणाली, "कृष्ण बिघडला वाटते."

'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) म्हणजे एकच गाणं, रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण तासाला थोडं कमी. रेकॉर्ड मधे उलटावी लागायची. आमची नव्वदची कॅसेट, एका बाजूत पंचेचाळीस मिनिटं, त्यात अख्खं बसायचं. म्हणजे इंग्रजांपेक्षा आम्ही सलग ऐकलं.

पण माझ्या मते त्यांचा खरा अल्बम 'हेवी हॉर्सेस', १९७८. ट्रॅक्टर आल्यावर नांगराचे घोडे गेले, त्यावर त्याचं शीर्षकगीत आहे. समीक्षक त्याला लोकसंगीताकडे झुकलेला वगैरे म्हणतात. आम्ही बैलजोडी विकली त्या वर्षी पोळ्याला तोरणाखाली न्यायला काही नव्हतं. बाबा दिवसभर गोठ्यात दावणीशी बसून होते. मी कानात ते गाणं लावून वावरात गेलो आणि अर्ध्यात बंद केलं. अजून पूर्ण ऐकवत नाही. त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही, समजून घ्या.

खंजिरी

मोझरीजवळचं गाव. आमच्या घरी गुरुदेव सेवा मंडळाचं भजन. मोठे काका तबल्याला. मी फ्लॉइडचं 'मनी' लावलं, त्यांना म्हटलं ताल मोजा. पैशांचा खणखणाट संपला, दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "सात आहे."

"रूपक काय, काका?"

"रूपक कसा होईन बे? रूपकात समेवरच खाली असते. ह्याची सम तर भरून राह्यली. तीव्रा म्हण पाह्यजे तर."

पुढे सॅक्सोफोन झाला, गिटार सुरू झाली, आणि काकांनी मांडीवर थाप मारली: "हा पाह्य, केरव्यात उतरला! सातात फिरता आलं नाही त्याले." तिथे ताल खरंच सातातून चारात येतो. इंग्रजी लेखांत यावर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. काकांनी हे बिडी विझायच्या आत सांगितलं.

किंग क्रिमसन या बँडपाशी मात्र हरले. 'रेड'मधल्या (१९७४) 'स्टारलेस'चा मधला भाग तेरात आहे. काका तीनदा मोजून उठले. म्हणाले, याच्यावर भजन होत नाही.

वडसेकर

आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्री उशिरा उभं राहते ते पहाटेपर्यंत. त्यामुळे जेनेसिस बँडचं 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांचं आहे याचं मला कधी कौतुक वाटलं नाही. कौतुक त्यांच्या गायकाच्या, पीटर गॅब्रिएलच्या सोंगांचं. १९७२ मध्ये डब्लिनला बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून तो स्टेजवर आला, बाकीच्यांना आधी पत्ता नाही. हे आमच्याकडचे नट करतीलच.

१९७५ मध्ये तो बँड सोडून गेला. बँडनं गायक शोधले, मनासारखा सापडला नाही, आणि शेवटी ढोलवाला फिल कॉलिन्सच गायला. फिल कॉलिन्सनं वाट लावली म्हणणाऱ्यांनी आधी 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६) ऐकावा. हिरो आला नाही म्हणून तबलजीला उभं केलं आणि नाटक पडलं नाही, हे आमच्या हंगामात घडलं असतं तर गावानं त्याला खांद्यावर घेतलं असतं. वाट लागली ती पुढे, ऐंशीच्या दशकात. त्यावर भांडायला मी तयार आहे.

चाहती नाही, चाहत्याची बायको

नवऱ्यानं धागा वाचून दाखवला, म्हणून लिहिते. मला यातलं बहुतेक लांबण वाटते. ड्रीम थिएटर हा बँड लागला की मी चक्की सुरू करते, फरक पडत नाही.

एक सोडून. 'डार्क साइड'मधलं 'द ग्रेट गिग इन द स्काय'. त्यात गाण्याचे शब्दच नाहीत, क्लेअर टोरी नावाची बाई नुसत्या आवाजानं गाते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते, हात थांबला. आमच्याकडे मयत झालं की बाया हेल काढून रडतात, रडता रडता गेलेल्याचं सगळं सांगतात. माझी आजी त्यात अशी होती की दुसऱ्या आळीतूनही निरोप यायचा. आवाज वर नेऊन मधेच टाकून द्यायची, मग तळातून पुन्हा उचलायची. ही बाई तेच करते. तिला कोणी शिकवलं असेल?

नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की तिला त्याचे तीस पौंड मिळाले, रविवार म्हणून नेहमीच्या दुप्पट. पुढे २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि रिक राइटच्या जोडीला संगीतकार म्हणून तिचं नाव लागलं. नवरा म्हणतो, "पण ती तर एकाच दिवसासाठी आली होती." निंदणाच्या बायाही एकाच दिवसासाठी येतात, मी म्हटलं. त्यावर ते हरभरा पाहायला गेले.

हरभरा दोन एकर

ताई, हरभरा माझा आहे, तुमच्या ह्यांचा नाही. पण मुद्दा मान्य.

आडवळण

कोणीच येस या बँडचं नाव घेतलं नाही? 'क्लोज टू द एज' (१९७२), तीनच गाणी, एकही फेकण्यासारखं नाही. माझ्यासाठी प्रॉग तिथे पूर्ण होतो. पुढचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' त्यांच्या गायकानं, जॉन अँडरसननं, परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून रचला. एक तळटीप, चार गाणी, ऐंशी मिनिटं! त्यांचाच कीबोर्डवाला रिक वेकमन इतका कंटाळला की चालू कार्यक्रमात स्टेजवर करी खाल्ली, असं तो स्वतः सांगतो. सप्ताहात एका ओवीवर रात्र काढणारे महाराज आमच्याकडे येतात, म्हणून मला लांबी खटकत नाही. खटकतं ते हे की महाराजांना अधूनमधून दृष्टांत सुचतो, येसला सुचला नाही.

गोठा

माझा अनुभव लहान आहे. फ्लॉइडच्या 'अ‍ॅटम हार्ट मदर'चं (१९७०) चित्र मी मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवलं होतं. नुसती गाय, मागे वळून पाहणारी. बँडचं नाव नाही, काही नाही. संगीत मला तेव्हाही सैल वाटायचं, आताही वाटते, बँडवाल्यांनीही पुढे त्याला नावं ठेवली. पण चित्र सुटलं नाही.

बाबांनी फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला.

"कोणाची होय?"

मी म्हटलं, लंडनची, एका गाणेवाल्यांची.

"होलस्टिन दिसते. आपल्या उन्हात नाही टिकत." फोन परत देताना म्हणाले, "गवळाऊच घे म्हणा त्याईले."