मदत हवी आहे: पुढे बदलता येईल असा शॉप फ्लोअर (कारखान्यातली मशीन्सची जागा) कसा आखावा?

मंडळी, नव्या शेडचा लेआउट ठरवतोय. प्रॉडक्ट पुढे बदलणार हे नक्की. म्हणून मशीन्स लेव्हलिंग पॅडवर (फरशीत न गाडता समतल करता येणाऱ्या पायांवर) ठेवायचा, वीज वरून बसबार ट्रंकिंगने (हव्या तिथे जोडणी काढता येणाऱ्या बंद वीजवाहक पट्ट्यांनी) आणि दाबलेल्या हवेची लाइन रिंग मेन पद्धतीने (शेडभोवती फिरून परत जुळणाऱ्या पाइपने) न्यायचा विचार आहे. मशीन हलवलं तरी फरशी फोडायला नको. धातू दाबून आकार देणाऱ्या प्रेसला मात्र वेगळं फाउंडेशन लागेलच.

खरी अडचण ही हवा दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरची. त्याने खाल्लेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता होऊन जाते. ती पार्ट वॉशिंगचं (तयार सुटे भाग धुण्याचं) पाणी तापवायला वापरायची तर दोन्ही जवळ हवेत, आणि मग वॉशिंग कायमचं तिथेच अडकतं. कुणी हे जमवलंय का? कॉम्प्रेसर रूम मध्यात ठेवलीत की कडेला? आणि खांबांमधलं अंतर किती? कन्सल्टंटच्या देखण्या थ्रीडी चित्रात फोर्कलिफ्ट वळायला जागाच दिसत नाही!