मदत हवी आहे : होव्हमधल्या जुन्या घराचा पोकळ झालेला गिलावा

नमस्कार मंडळी,
माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये होव्हला, ब्रन्सविक स्क्वेअरमधल्या एका घराच्या तळघरातल्या फ्लॅटमध्ये राहते. समुद्राकाठची ही घरांची रांग १८२० च्या दशकातली, चार्ल्स बझबी यांच्या आराखड्याची. फुगीर दर्शनी भाग, उंच खांब, सगळीकडे एकच क्रीम रंग. लांबून अस्सल दगडी वाटतं, पण दगडाचा सगळा थाट गिलाव्याचा! गिलाव्याआडच्या भिंती तर 'बंगरूश'च्या आहेत. म्हणजे गारगोट्या, विटांचे तुकडे, खडे, हाताला लागेल ते चुन्यात कालवून फळ्यांच्या साच्यात भरलेलं. पाणी मुरलं की अशी भिंत भुसभुशीत होते.

आता अडचण. पायऱ्यांशेजारचा गिलावा बोटाने ठोकला तर डबडब वाजतो, रंगाला फोड आलेत, आतून पांढरे क्षार फुटतात. पूर्वी कुणीतरी तिथे सिमेंट थापलंय, त्यामुळे ओल बाहेर पडत नाही असा माझा अंदाज. पण त्या काळात 'रोमन सिमेंट'ही वापरायचे (नाव रोमन असलं तरी हे चिकणमातीयुक्त चुनखडी भाजून केलेलं इंग्लंडमधलंच सिमेंट, त्याचं पेटंट १७९६ चं), तेव्हा जुनं काय आणि नंतरचं ठिगळ कोणतं, हे न फोडता कसं ओळखायचं? रंगावरून कळेल का?

इमारत तिकडच्या ग्रेड १ म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या वारसा यादीत आहे, त्यामुळे परवानगी लागणारच. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्याच्या कामात मुरलेलं कुणी आहे का इथे? आधी भिंत वाळू द्यायची की सिमेंट काढून लगेच चुन्याचा हात द्यायचा? तिकडे थंडी सुरू व्हायच्या आत ठरवायचंय.