एकटीने दीर्घ तीर्थमार्ग चालताना: कामिनो की शिकोकू?

उशिराचीवाट यांचा प्रश्न

सलग महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ चालून पूर्ण करायच्या तीर्थमार्गांविषयी मी गेली काही वर्षे वाचत आले आहे आणि आता दोन मार्गांपाशी मन थांबले आहे. एक म्हणजे फ्रान्सच्या सीमेवरून स्पेनमधील सान्तियागो दे कोंपोस्तेलापर्यंत जाणारा, सुमारे 780 किलोमीटरचा कामिनो फ्रान्सेस. दुसरा जपानमधील शिकोकू बेटाला वळसा घालणारा, 88 मंदिरांचा, सुमारे 1,200 किलोमीटरचा मार्ग. माझे वय 54 आहे. दिवसाला 20 किलोमीटर चालण्याचा सराव आहे, परंतु सलग तीन दिवसांहून अधिक मी कधी चाललेले नाही.

बूट, पाठपिशवी, निवास यांविषयी माहिती पुष्कळ मिळते. मला विचारायचे आहे ते असे, की सोबत कोणी नसलेल्या माणसाला वाटेत नेमके काय जड जाते, आणि दुखणे आले किंवा चालण्याची इच्छाच उरली नाही तर निर्णय कशाच्या आधारे घ्यावा? घरच्यांचा आक्षेप सुरक्षिततेविषयी आहे. ‘काही होत नाही’ एवढे उत्तर त्यांना पुरणार नाही, आणि खरे तर मलाही पुरत नाही.

मैलाचादगड यांचा प्रतिसाद

मी कामिनो फ्रान्सेस एकट्याने निघून 37 दिवसांत पूर्ण केला. ‘एकट्याने निघून’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत, कारण त्या मार्गावर एकटे निघता येते, एकटे राहणे मात्र प्रयत्नपूर्वक साधावे लागते. 2024 मध्ये सर्व वाटांनी मिळून जवळजवळ पाच लाख यात्रेकरूंनी सान्तियागोला पोहोचून प्रमाणपत्र घेतले. त्यासाठी शेवटचे 100 किलोमीटर पायी चालणे पुरेसे असल्यामुळे सारियापासून पुढे तर गर्दीच असते. त्याआधीही साधारण सारख्याच मजला मारणारी तीच तीच माणसे रोज संध्याकाळी भेटत राहतात आणि आठवडाभरात आपोआप गोतावळा जमतो.

माझी चूक तिथेच झाली. माझ्याहून तरुण अशा चौघांच्या गप्पांत मी रमलो आणि त्यांच्या वेगाने रोज 30 किलोमीटर चालू लागलो. लोग्रोन्योच्या पुढे नवव्या दिवशी नडगीच्या पुढच्या बाजूला घोट्याच्या वर सूज आली, आणि पाऊल उचलताना आत काहीतरी घासते आहे असे वाटू लागले. हे स्नायूंचे दुखणे नव्हते. ते तर पहिल्या तीन-चार दिवसांत येऊन गेले होते. स्नायू लवकर सरावतात, पण स्नायुबंधांना वेळ लागतो, त्यामुळे अंगात बळ आल्यासारखे वाटते त्याच सुमारास ते कुरकुरू लागतात. मला तीन दिवस एका जागी बसावे लागले. यात्रेकरूंच्या बहुतेक सार्वजनिक निवासांत एकाच रात्रीचा मुक्काम मिळतो, म्हणून वेगळी खोली घ्यावी लागली. ते चौघे पुढे गेले. पहिल्या संध्याकाळी वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की एकटे असण्याचा जो एकमेव निर्विवाद लाभ, म्हणजे स्वतःच्या चालीने चालणे, तोच मी पहिल्या आठवड्यात देऊन टाकला होता.

पहिला दिवस हलक्यात घेऊ नका. सँ-जाँ-पिए-द-पोरहून रोन्सेसव्हायेसला जाताना सुमारे 25 किलोमीटरांत साडेबाराशे मीटरहून अधिक चढाई आहे. वाटेतल्या ओरिसोनला मुक्काम करून ती दोन दिवसांत वाटून घेता येते, पण जागा आधी राखून ठेवावी लागते. डोंगरमाथ्यावरची ती वाट 1 नोव्हेंबरपासून 31 मार्चपर्यंत बंद असते; त्या काळात खालच्या वाल्कार्लोसच्या दरीतून जावे. बुर्गोस ते लेओन हा मेसेता पठाराचा भाग कंटाळवाणा म्हणून काही जण बसने ओलांडतात. मला तोच सर्वांत आवडला. कारिऑन दे लोस कोन्देसनंतर 17 किलोमीटर एकही गाव नाही, म्हणून पाणी मात्र पुरेसे घ्यावे.

सुरक्षिततेविषयी खरे सांगायचे तर धोका शून्य नाही. 2015 मध्ये अस्तोर्गाजवळ एकटी चालणारी एक यात्रेकरू स्त्री मारली गेली. लाखो लोकांच्या वर्दळीत असे गुन्हे विरळच घडतात, तरीही अंधार असताना एकटीने निघू नये, खुणेचा पिवळा बाण मुख्य वाटेपासून विचित्रपणे दूर नेत असेल तर नकाशाशी ताडून पाहावा, आणि स्पॅनिश पोलिसांचे ‘अलर्टकॉप्स’ अॅप फोनवर ठेवावे. आपत्कालीन क्रमांक 112 आहे.

शिदोरी यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मान्य आहेत. परंतु प्रश्न एकटेपणाचा असेल, तर शिकोकूचा स्वभाव अगदी निराळा आहे. तेथील बहुसंख्य यात्रेकरू बसने किंवा मोटारीने फिरतात. त्यामुळे मंदिरात माणसांची लगबग असते आणि फाटकाबाहेर पडून पंधरा मिनिटे झाली, की डांबरी रस्त्यावर आपण एकटेच उरतो. 37 व्या आणि 38 व्या मंदिरांमधले अंतर 80 किलोमीटरांहून अधिक आहे. त्या तीन दिवसांत मी निवासाच्या मालकिणींशी बोलले तेवढेच.

या परंपरेने एकटेपणाचा विचार फार पूर्वीच करून ठेवला आहे. यात्रेकरूच्या टोपीवर आणि पांढऱ्या अंगरख्यावर ‘दोग्यो निनिन’ असे लिहिलेले असते. अर्थ असा, की दोघे मिळून चालत आहेत. दुसरे म्हणजे कोबो दाईशी, नवव्या शतकात होऊन गेलेले भिक्षू कूकाई, आणि हातातली काठी हे त्यांचेच रूप मानले जाते. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर आपल्या पायांआधी काठीचे टोक धुतात, आणि दाईशी एकदा पुलाखाली झोपले होते या कथेमुळे पुलावरून जाताना ती टेकवत नाहीत. माझी श्रद्धा फारशी नव्हती. तरीही दिवसातून दहा वेळा काठी उचलून धरायची आठवण ठेवणे म्हणजे कोणाची तरी काळजी घेणे आहे, हे दोनेक आठवड्यांनी जाणवले. गावकरी वाटेत ‘ओसेत्ताई’ म्हणून फळे, पाणी, कधी पैसेही देतात. ते नाकारत नाहीत, स्वीकारून आपल्या नावाची चिठ्ठी देतात.

अडचण वेळापत्रकाची आहे. यात्रेकरूच्या वहीत मंदिराचा शिक्का देणारे कार्यालय संध्याकाळी 5 वाजता बंद होते, त्यामुळे शेवटच्या तासात उगाच धावपळ होते. निवास एक-दोन दिवस आधी फोनने ठरवावा लागतो. भाषा येत नसल्यास आजच्या मालकिणीलाच पुढच्या ठिकाणी फोन करण्याची विनंती करावी.

तुमचा सराव पाहता मी एक सुचवीन. हा मार्ग तुकड्यातुकड्यांनी पूर्ण करण्याची रीत तिथे पूर्ण मान्य आहे. तोकुशिमा विभागातील पहिली 23 मंदिरे आठ-दहा दिवसांत होतात, आणि 11 व्या ते 12 व्या मंदिरामधला कुप्रसिद्ध चढ त्यातच येतो. तेवढे चालल्यावर पुढचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

अर्धीमजल यांचा प्रतिसाद

मी बुर्गोसहून परत आलो, म्हणून माझाही अनुभव नोंदवतो. पायांना काहीच झाले नव्हते. घरच्यांना दर दोन तासांनी खुशाली आणि रात्री सविस्तर वृत्तान्त कळवायचे मी कबूल केले होते, आणि बाराव्या दिवसापर्यंत अशी अवस्था झाली होती, की समोर दिसणारी प्रत्येक गोष्ट मी मनात आधी वृत्तान्ताच्या भाषेत मांडत असे. एके दुपारी फोन बंद पडला, उत्तर न मिळाल्याने घरी गोंधळ उडाला, आणि मग चालण्यात जीव राहिला नाही.

तुमच्या घरच्यांशी आधीच ठरवा: रोज एकच निरोप, मुक्कामी पोहोचल्यावर, ठिकाणाच्या नावासह. तो चुकला तर किती तास थांबायचे आणि त्यानंतर कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून द्या. त्यांच्या आक्षेपाला याहून ठोस उत्तर माझ्यापाशी नाही.

उशिराचीवाट

सर्वांचे आभार. पहिल्या 23 मंदिरांची सूचना पटली; घरच्यांना ती 780 किलोमीटरांपेक्षा पचायलाही सोपी जाईल. एकच शंका उरते: दहा दिवसांच्या चालीत विश्रांतीचा दिवस आधीच ठरवून ठेवावा का?

शिदोरी

दिवस मोकळा ठेवावा, पण तारीख ठरवू नये. 12 व्या मंदिरानंतर गुडघे काय म्हणतात ते पाहून तो वापरावा. आणि तोपर्यंत गरज भासली नाही, तर 20 व्या आणि 21 व्या मंदिरांच्या डोंगरांआधी घ्यावा.