लिहिताना बोट का अडखळतं? (अनुभव धागा)

सायली_ठाणे: आज एका ग्रुपवर 'लाईकसुद्धा जपून करा' वाचलं आणि पालघर आठवलं. नोव्हेंबर 2012, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद. एकीने फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं, दुसरीने लाईक केलं, दोघींना अटक. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. धास्ती मात्र तशीच. तुमच्याकडे लोक कुठे गप्प होतात, बोलतं कसं करता?

वकीलकाका: बदनामीचं कलम आहेच, न्याय संहितेचं 356. 'बिल्डर चोर' लिहू नका. 'ताबा मार्चमध्ये द्यायचा होता, करारनामा पान 12, अजून नाही' असं लिहा. नुसतं खरं असून भागत नाही, लोकहिताचंही लागतं.

मनीषा: सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगचा पोल टाकूच नका! साध्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतं. लोक आधी सेक्रेटरींचं मत बघतात. गुगल फॉर्म करा, ईमेल गोळा करणं बंद ठेवा. 'एकच उत्तर' चालू केलं की लॉगिन मागतो, तिथे निम्मे बिचकतात. बंद ठेवलं तर एका घरातून चार उत्तरं. म्हणून आमच्याकडे शेवटी चिठ्ठ्या, फ्लॅटमागे एक, जिन्याखाली बंद डबा. थांबा, कुकर.

अभय: अमेरिकेत प्यू संस्थेने 2013 मध्ये स्नोडेन प्रकरणावर, म्हणजे सरकारी पाळतीच्या गौप्यस्फोटावर, बोलाल का असं विचारलं होतं. समोरासमोर बोलायला 86 टक्के तयार, फेसबुक-ट्विटरवर 42. साहजिक आहे हो. कट्ट्यावर समोर कोण बसलंय ते दिसतं. फेसबुकवर साहेब, सासरे आणि शाळासोबती एकाच वेळी ऐकतात.

नंदिनी: @सायली, त्या मुलींचं फार वाईट वाटलं होतं तेव्हा. किती लहान होत्या.

राजू_अ‍ॅडमिन: अ‍ॅडमिन मंडळींनो, दुसऱ्याच्या पोस्टसाठी घाबरून 'फक्त अ‍ॅडमिन' करू नका. नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय, समान हेतू नसेल तर अ‍ॅडमिन जबाबदार नाही. ग्रुप बंद केला की गळक्या टाकीची तक्रारही बंद होते, आणि कुजबुज वाढते.

स्मिता: व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पस्तावलात तर दुरुस्तीला 15 मिनिटं, सगळ्यांसाठी पुसायला दोनेक दिवस. स्क्रीनशॉट कुणी घेतला असेल तर काही उपयोग नाही. आधी नोट्समध्ये लिहा.

नंदिनी: मनीषाताई, डब्याची किल्ली कुणाकडे असते?

मनीषा: दोन कुलपं. एक किल्ली कमिटीकडे, दुसरी भाडेकरूंपैकी एकाकडे.